उस्तादांचं रॅचेट आणि ग्लेनच्या बादल्या

ट्रुगानिना, मेलबर्न
रविवार, ९ ऑगस्ट २०२०

ती. अण्णांस, नंदूचा शि. सा. नमस्कार.

अहो, पण फोन असा तोंडावर बंद करायचा म्हणजे काय! बिल बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाशीसुद्धा तुम्ही असं वागत नाही. वर सुनेत्राताईकडून निरोप, की रॅचेट परत हातात येईपर्यंत नंदूने फोन करू नये, काय असेल ते लिहावं. बरं. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला लिहायची शिक्षा. टपालाचा भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवतोय. अक्षराला हसायचं नाही.

आता माझा गुन्हा नीट ऐका. दर गुरुवारी दुपारनंतर आमच्या वर्कशॉपच्या दारात ग्लेनचा ट्रक येतो. हत्यारांचं दुकानच, पण चाकांवर. हॉर्न वाजला की सगळे मेकॅनिक हातातलं टाकून धावतात, कुल्फीवाल्याची घंटा ऐकल्यासारखे. आत दोन्ही बाजूंना पाने, नटांवर बसवायच्या गोट्या, पकडी, वरून लाइट मारलेला. सराफाचं दुकान बघा. इथे मालक हत्यार देत नाही, ज्याचं त्याने घ्यायचं, म्हणून ग्लेन दर आठवड्याला थोडे थोडे पैसे घेतो. मीही सात खणांची लाल पेटी बघून ठेवलीय. खालून चाकं, ढकलली की लोण्यासारखी जाते.

आणि त्याच्या कंपनीचं हत्यार मोडलं तर तो विचारत नाही कधी घेतलं, कोणी मोडलं. मोडकं बादलीत टाकतो, नवं हातात देतो, नो वरीज मेट म्हणतो, झालं. बादली मग कंपनीकडे जाते, वितळायला. तुम्ही दिलेलं रॅचेट, गोटी लावून नट फिरवायचं ते, त्याच कंपनीचं. जोर लावला की सटकायचं, ट्रकखाली पडून काम करताना दोनदा बोटांची सालं निघाली. ग्लेनने हातात घेऊन पाहिलं, म्हणाला की याच्या पोटातले भाग आता मिळत नाहीत, तू नवंच घे. फुकट, अण्णा! मला वाटलं तुम्ही खूश व्हाल, म्हणून तर व्हिडिओवर नाचवून दाखवलं. तुम्ही विचारलंत, जुनं कुठाय. मी म्हणालो, बादलीत. आणि फोन बंद.

आणि माझे पंधरा हजार का परत केलेत? गॅरेज मार्चपासून धड चालत नाही, मला माहीत आहे. रॅचेटचा राग रॅचेटवर काढा, पैशांवर कशाला?

लोभ आटला असेल तर चार थेंब ऑइल सोडून बघा, पण ठेवा.

तुमचा,
नंदू


मिरज
१६ ऑगस्ट २०२०

चि. नंदूस, अनेक आशीर्वाद.

अक्षराला मी हसलो नाही. सुनेत्रा हसली.

तुझा ट्रकवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. शब्दाचा पक्का दिसतो. पण मला एक सांग. सटकतंय म्हटल्यावर तू ते उघडून पाहिलंस का? गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की बॉनेट न उघडता तू इंजिन बदला म्हणून सांगतोस का? मेकॅनिकने हत्यार न उघडता दुसऱ्याच्या हातात दिलं, हे मी तुला शिकवलेलं नाही.

दुसरी गोष्ट. त्याच्या दांड्याच्या टोकाशी दोन खाचा आहेत. पहिली उस्तादांची. कोयनेच्या कामावरचा एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना ते रॅचेट उस्तादांना देऊन गेला, तेव्हा उस्ताद बावीस वर्षांचे. दुसरी खाच माझी. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली राबलो. मग एका खंडेनवमीला, हत्यारांची पूजा मांडायच्या आधी, त्यांनी मला जवळ बसवून कानसेने ती पाडली. त्या दिवसापासून लोक मला मिस्त्री म्हणू लागले. तुझी खाच मी मुद्दाम पाडली नव्हती. विमानतळावर रॅचेट देताना बोललो होतो, की हात बसला की बघू. आता कशावर बघू? त्या चकचकीत नव्यावर?

यंदा अधिक महिना आला म्हणून तुला महिनाभर जास्त मिळालाय. खंडेनवमी २४ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी ते रॅचेट तुझ्या तिथल्या पूजेत पाहिजे. नाही आलं तर खाचेचा विषय संपला, आणि मी तो पुन्हा काढणार नाही.

पैसे मी मागितले नव्हते. मुलाचे उपकार घेण्याइतका थकलो नाही अजून. तू तुझी लाल पेटी घे. तोंडाला फडकं बांधून बाहेर पडत जा.

आशीर्वाद आहेतच, ते रागाच्या वरच्या खणात असतात.

अण्णा


ट्रुगानिना
३० ऑगस्ट २०२०

ती. अण्णांस, शि. सा. नमस्कार.

उघडून पाहिलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले, त्यामुळे त्यावर आणखी बोलू नका.

ग्लेनला फोन लावला. वाईट बातमी आधी. लॉकडाउन कडक झाल्यापासून त्याचा फेरा बंद आहे. आमचं वर्कशॉप चालू, कारण भाजी-दूध नेणारे ट्रक आम्ही दुरुस्त करतो, पण त्याचा हत्यारांचा ट्रक पॉइंट कुकला त्याच्या घरापुढे उभा. आणि सरकारने आम्हाला घरापासून पाच किलोमीटरची वेस घातलीय. ग्लेनचं घर बारा किलोमीटरवर. पोलिसांनी अडवलं तर मी काय सांगू, वडील फोनवर बोलत नाहीत म्हणून निघालो?

आता चांगली बातमी. फेरा बंद म्हणून बादलीही हललेली नाही! ग्लेन म्हणाला, अशा तीन बादल्या गच्च भरून गॅरेजमध्ये पडल्यात. माझी कंबर गेलीय, मी उपसणार नाही, तुला ये म्हणतील तेव्हा ये आणि तूच शोध. फक्त एक मेख आहे. नियम सैल झाले की कंपनीची गाडी लगेच बादल्या न्यायला येणार. म्हणजे मी सुटणार त्याच वेळी ती गाडीही सुटणार. बघू कोण आधी पोचतं.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो ते चारुदत्तदादा पुण्याचे, कॉम्प्युटरवाले, घरी बसून मीटिंगा करतात. त्यांनी नकाशावर माझं पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून दिलं. एका पेट्रोल पंपाच्या अलीकडे ते संपतं. रविवारी सायकल काढतो, तिथवर जातो, पॉइंट कुकच्या दिशेने बघतो आणि परत येतो. पंपावरचा माणूस आता हात करतो मला.

ओरडायचं असेल तर ओरडा, पण फोनवर ओरडा ना एकदा. बारा किलोमीटरवरून लोभ असू द्या.

नंदू


मिरज
२० सप्टेंबर २०२०

चि. नंदू, ताईचे आशीर्वाद, आणि एक टप्पलसुद्धा.

अण्णांना न सांगता लिहितेय. ते रोज सकाळी नऊला गॅरेजचं शटर वर करतात, खुर्ची टाकून बसतात. मिरजेत इतकं आजारपण आहे की गाडी घेऊन कोण येणार? मग एकेक पाना पुसतात आणि जागच्या जागी ठेवतात. संध्याकाळी घरी आले की पाय धुवायच्या आधी मला विचारतात, आज किती किलोमीटर? मी म्हणते, पाचच. मग जेवतात. तुझ्या मेलबर्नच्या बातम्या मी रोज पाहते त्या माझ्या हौसेसाठी नाहीत, कळलं ना?

गाळ्याचं भाडं थकलंय. मी द्यायला गेले तर म्हणाले, लेकीकडून घेणार नाही. तुझे तर परतच पाठवायला लावले. आमचे हे म्हणतात की तुझ्या वडिलांना मदत करण्यापेक्षा गंजलेला नट सोडवणं सोपं. हे मी लिहिलं असं कुठे बोलू नकोस.

आणि एक. तुझं पत्र ते शर्टाच्या खिशात ठेवतात. म्हणजे माझा मोबाइलच ठेवून घेतात, त्यात फोटो आहे ना. शेवटी मी त्याची छापील प्रत काढून दिली.

रॅचेट शोध रे बाबा. माझा मोबाइल मला परत हवाय.

सुनेत्राताई


ट्रुगानिना
मंगळवार, २० ऑक्टोबर २०२०

ती. अण्णांस, शि. सा. नमस्कार.

सापडलं.

आता सविस्तर. रविवारी टीव्हीवर सांगितलं की मध्यरात्रीपासून पाचाचे पंचवीस किलोमीटर. लगेच ग्लेनला फोन. तो म्हणाला, कंपनीची गाडी सोमवारी दहाला येतेय. मी मालकांना म्हटलं की दोन तास उशिरा येतो. आमचे मालक पंजाबी आहेत, त्यांना वाटलं मुलगी बघायला चाललोय. मी म्हटलं नाही, रॅचेट बघायला. त्यांना मुलगीच खरी वाटली, बेस्ट ऑफ लक म्हणाले.

सात वाजता पॉइंट कुकला पोचलो. घरात जायला बंदी, म्हणून ग्लेनने तिन्ही बादल्या रस्त्याकडेच्या गवतावर आणून ठेवल्या होत्या. दोघांच्या तोंडाला मास्क, मधे चार हात अंतर, आणि मी गवतावर बसून मोडकी हत्यारं उपसतोय. कुत्रा फिरवायला आलेली एक बाई थांबून बघत होती, मला भंगारवाला समजली असणार. पहिली बादली, नाही. दुसरी, नाही. तिसरीत रॅचेटच रॅचेट, सगळी ग्रीसने काळी, एकासारखं दुसरं. नऊ वाजले तशी मला घाई सुटली. शेवटी ग्लोव्ह काढून फेकले आणि डोळे मिटले. एकेका दांड्याच्या टोकावरून अंगठा फिरवत गेलो. अण्णा, ज्या क्षणी अंगठा दोन खाचांत बसला, मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की तो कुत्रा भुंकायला लागला.

नवं रॅचेट ग्लेनला परत दिलं. तो म्हणाला की एकवीस वर्षांच्या धंद्यात चकचकीत नवं परत देऊन मोडकं मागणारा तू पहिलाच. मी त्याला खाचा दाखवल्या, उस्तादांची, तुमची. त्याने वाकून त्या निरखल्या. मग म्हणाला, मेट, मला आधी सांगायचंस ना. मी बोललो, मला तरी कुठे ठाऊक होतं.

घरी आलो आणि पहिलं काम केलं, उघडलं. आत ग्रीस वाळून डांबर झालेलं, आणि दात्यांत अडकणाऱ्या आतल्या घोड्याला दाबून धरणारी स्प्रिंग तुटून दोन तुकडे. बस एवढंच! दाते अजून शाबूत. मी ते रॉकेलसारख्या कशात तरी धुतलं, आणि चारुदत्तदादांच्या ऑफिसच्या बॉलपेनमधली स्प्रिंग कापून बसवली. करकर करकर, जसं तुमच्या गॅरेजात वाजायचं तसंच. आज दिवसभर त्यावर काम केलं, एकदाही सटकलं नाही. चारुदत्तदादा ते पेन कालपासून शोधतायत. तुम्ही सांगू नका.

आता तरी फोन करू का? मायेचं बिल थकलं असेल तर एकदम वसूल करा.

नंदू


मिरज
२२ ऑक्टोबर २०२०

चि. नंदूस, अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. एकदा शेजारच्या पंक्चरवाल्याला वाचून दाखवलं. त्याने विचारलं नव्हतं.

पेनाची स्प्रिंग किती टिकेल सांगता येत नाही. आधीची उस्तादांनी रेडिओतली बसवली होती, ती चाळीस वर्षं चालली. पेन कोणाचं घेतलं ते त्या गृहस्थांना सांग आणि नवं आणून दे. हत्यार उघडलंस, बरं वाटलं.

आता खाचेचं. ती उस्तादाने पाडायची असते. पण यंदा ना मी तिकडे येऊ शकत, ना तू इकडे. तेव्हा शनिवारी सकाळी पूजेआधी फोन मी करीन. तू करू नकोस, मी करीन. कानस अर्धगोल घे. माझ्या खाचेपासून दोन सूत सोड. हात तुझा, नजर माझी. मी थांब म्हटलं की थांबायचं.

खाच पाडली की सव्वा रुपया दक्षिणा द्यायची पद्धत आहे. माझ्या वेळी उस्तादांच्या घरी मोठं आजारपण चालू होतं, हात फार तंग. तरी महिनाभर माझ्याकडून चहासुद्धा घेत नव्हते, असे मानी. पण मी सव्वा रुपया पुढे केला, तो त्यांनी कपाळाला लावून खिशात टाकला. म्हणाले, दक्षिणा कमी म्हणू नये, जास्त म्हणू नये, आणि परत तर कधीच करू नये. परत केली तर दिलेली विद्या परत मागितल्यासारखं होतं. तू तुझा सव्वा रुपया तिथे देवापुढे ठेव. मला पोचला असं समज.

हात बसला तुझा.

अण्णा


ट्रुगानिना
दसरा, २५ ऑक्टोबर २०२०

ती. अण्णांस, शि. सा. नमस्कार, आणि लांबून सोनं.

कालचा फोन अडीच मिनिटांचा, त्यात तुम्ही तीन शब्द बोललात. सरळ धर. थांब. एवढ्यासाठी मी अडीच महिने पत्रं लिहिली! पण ताईने नंतर सांगितलं की फोन ठेवल्यावर तुम्ही तिला दोनदा विचारलंत, खाच सरळ आलीय ना गं. आलीय, अण्णा. तुमच्यापेक्षा अंमळ खोल गेली, माझा हात जड आहे.

पूजा झकास झाली. चारुदत्तदादांच्या नीलावहिनींनी झेंडूची फुलं कुठून तरी पैदा केली, रॅचेट मधोमध, भोवती माझे पाने. त्यांची सावनी सहा वर्षांची आहे, तिने इंग्रजीत विचारलं की टूल्सचा बर्थडे आहे का, मग केक कुठाय. चारुदत्तदादांना पेनाचं सांगितलं. ते म्हणाले, कंपनीचं आहे, पण आता ते तुमच्या घराण्यात गेलं.

आणखी एक. ग्लेनचा ट्रक पुन्हा येऊ लागेल तेव्हा लाल पेटी माझ्यासाठी ठेवू नको म्हणून त्याला कळवलं. पैसे साठले होते, पण पेटीला काही घाई नाही. माझी हत्यारं सध्या वहिनींच्या बिस्किटांच्या डब्यात आहेत आणि तक्रार करत नाहीत. मी सव्वा रुपया देवापुढे ठेवणार होतो. पण देव काय, तो इथेही आणि तिथेही. दक्षिणा उस्तादाच्या हातात पडली पाहिजे. सकाळी मोबाइलवर बँकेतून पाठवायला गेलो तर बँक सव्वा रुपया पाठवत नाही, फार लहान रक्कम आहे म्हणते. तेव्हा सव्वा तसाच ठेवला, पुढचं थोडं बदललं.

आता तुमचंच पत्र काढून वाचा. कमी म्हणायचं नाही, जास्त म्हणायचं नाही, आणि परत तर कधीच करायची नाही. तुमच्याच अक्षरात माझ्याकडे आहे, मीही छापील प्रत काढून खिशात ठेवलीय. शटर रोज वर करा. लोभ करकर वाजत राहू दे.

तुमचा शागीर्द,
नंदू मिस्त्री

ता. क. ताईच्या खात्यावर दक्षिणा पाठवलीय. सव्वा. रुपया नव्हे, लाख.