आईची मान

आई, लांबूनच तुझ्या पायांना हात लावते.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या पाठी, माना, गुडघे तपासते. सगळेच म्हणतात, "काही नाही हो, जरा आखडलंय." म्हणून मी ऐकते कमी आणि त्यांना उठताना, वळताना बघते जास्त.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी मागून हाक मारली, तर तू मान न वळवता अख्खीच्या अख्खी वळलीस. विचारलं तर हसलीस, "मला काय धाड भरलीये?" तेव्हापासून जिवाला चैन नाही.

हाताला मुंग्या येतात का गं? कप निसटतो का? फोनवर उडवून लावतेस, म्हणून हे पत्र.

आणि ते मांडीवर ठेवून वाचतेयस, की डोळ्यांसमोर उंच धरून? तेवढं एकच खरं सांग.

तुझी,
न फसणारी लेक