साहेबांचं नोडोण

मंगळवार, दिवेलागणीला

आज सभेत मी खोटं बोललो की काय, हे अजून ठरत नाही. बस खात्याचे नवे साहेब आलेले, बंगळूरकडचे. आपलं कन्नड आम्हाला कळणार नाही असं समजून म्हणाले, कुणीतरी मराठीतून सांगत जा. आमच्या गावात कन्नड न कळणारं मांजरसुद्धा नाही, पण पाहुण्याचा शब्द कोण मोडणार? माइक माझ्या हातात आला.

बाजाराच्या बसचा विषय निघाल्यावर साहेब म्हणाले, "नोडोण." म्हणजे बघू. समोर गंगाक्का बसलेली. दर बाजाराला डोक्यावर बुट्टी घेऊन चालणारी बाई. तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून गेलं, "साहेब बस सोडतो म्हणतात."

नोडोण सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी कुणी हसलं नाही. उलट गंगाक्का उठली आणि चक्क कन्नडात साहेबांना म्हणाली, "बस सोडतो म्हणालात, लई उपकार झाले." टाळ्या थांबेनात. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, घाम पुसला आणि म्हणाले, "सोमवारपासून."

वाटेत मी म्हणालो, "गंगाक्का, मी माझं बोलणं साहेबांच्या तोंडात घातलं. हे बरं न्हवं."

"आणि आम्ही गप ऐकून घेतलं, ते? पाप वाटून घेऊ, अण्णा. पुढल्या आठवड्यात पाण्याचे साहेब येणार हायत. तुम्हीच सांगा मराठीतनं."

सरळ नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो, "नोडोण."