भट्टीवाल्यांच्या घरात उतू गेलेलं दूध

आबा, परवा तुमच्या थोरल्या लेकाचं डोकं मी फोडलं. तुमच्याच खव्याच्या भट्टीतल्या उलथण्यानं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की फोटोवरचा चंदनाचा हार जाऊन प्लास्टिकचा आलाय, तरी ही बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावी असं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. इथं गावात, भूममध्ये, ती सांगायच्या आधीच पोचलेली असते, आणि पुण्यात कुणाला सांगावी तर ते समुपदेशकाचा नंबर देतात.

आधी मी इकडं कसा आलो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी काम काय करतो हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नव्हतं. कंपन्यांच्या वेबसाइटी सजवतो, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दुकानांच्या पाट्या रंगवतो, असं मी समजावायचो आणि तुम्ही विचारायचात, "मग हाताला रंग कसा न्हाय?" तर त्या पाट्या रंगवता रंगवता डोक्याचा रंग गेला. आमचा साहेब माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. दर सोमवारी सगळ्यांना सांगायचा की आपण एक कुटुंब आहोत. मग एका दुपारी त्यानं व्हिडिओ कॉलवर हातात नारळ दिला. तुमचं काम आता यंत्र करतं म्हणाला, आणि शेवटी हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. कुटुंब म्हणजे काय हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या कुटुंबात कुणाला काढून टाकत नाहीत. ठेवून घेतात आणि हाणतात.

नवी नोकरी मिळाली ती घरी बसून करायची. पगार उतरला होता, पण इंटरनेट असेल तिथं बसायची मुभा होती. पुण्यातलं भाडं काही झेपेना. थोरल्याला फोनवर सहज बोललो तर तो म्हणाला, "वरच्या दोन खोल्या मोकळ्याच हायेत की. ये घिऊन समद्यांना." लई मायेनं म्हणाला, ते मला कबूल केलं पाहिजे. बायकोनं हो म्हणायला वेळ लावला. माझ्या दंडावरचा डाग तिनं लग्न झाल्यावर लगेच बघितला होता आणि तो कशाचा तेही काढून घेतलं होतं. ती म्हणाली, "येते. पण त्या घरात कुणाचाही हात कुणावर उठला, तर मी पोरीला घेऊन आल्या पावली परत जाईन. कुणाचाही म्हणजे तुमचाही." मी हसलो. म्हणालो, "माझा? माऊस सोडून कशाला हात लावलाय मी?"

तो डाग, आबा. मी चौथी-पाचवीत आहे. भट्टी पेटलीय, कढईत सकाळचं दूध आहे, तुम्ही बाहेर गवळ्याशी भांडताय आणि मला सांगून गेलाय की कढईवरनं नजर हलवायची न्हाय. मी कोळशानं भिंतीवर बैल काढतोय. शिंगं चांगली जमलीयत. मागं कढई फसफसते, दूध निखाऱ्यावर सांडतं, जळक्या दुधाचा वास सुटतो आणि त्या वासाबरोबरच तुम्ही आत. हातात उलथणं. ते तापलेलं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. दुपारी तुम्हीच दंडाला खोबरेल लावलंत आणि तळहातावर ताज्या खव्याचा गोळा ठेवलात, वर साखर पेरून. "खा. गरम हाय तवर खा." मी रडत खाल्ला, पण चव लागली. दुसऱ्याच्या घरात दूध उतू गेलं तर लोक फडकं शोधतात. आपल्या घरात दूध उतू जाणं म्हणजे माणूस मरण्याच्या खालोखालची गोष्ट.

आता माझी बायको साताऱ्याकडची, नोकरदारांच्या घरातली. त्यांच्यात नव्या घरात पाय ठेवला की पहिल्यांदा दूध मुद्दाम उतू घालतात. बऱ्याच लोकांत घालतात म्हणे, बरकत येते. आपल्याकडं कधी कुणी घातलं नाही, म्हणून तिला सावध करायचं मला सुचलंही नाही. टेम्पो सकाळी दारात लागला. वहिनी माहेरी गेलेली, थोरला मागं भट्टीवर. माझं टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटर तेवढा आधी उतरवून घेतला, कारण नव्या साहेबाशी बोलायची वेळ ठरलेली. मग ड्रायव्हर चहा प्यायला बसला. आमची शेगडी अजून टेम्पोतच, म्हणून बायकोनं खालच्या स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं चढवलं. दूध भट्टीवरचंच. पातेल्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले, आणि आम्ही तिघं दूध वर यायची वाट बघत उभे राहिलो. पोरगी मोबाइलवर चित्रण करतेय. दूध कडेला आलं तशी ती नाचायला लागली, "आलं, आलं, आलं! आई, गेलं बघ!" आणि खळाखळा हसली.

वास मागं गेला असणार. थोरला दारात कधी आला ते मी बघितलंच नाही. "दूध उतू चाललंय आन दात काढतीस व्हय गं?" एवढं ऐकू आलं आणि मग कानाखालचा आवाज. पोरगी ओट्यावर आदळली. ओठ फुटला, मोबाइल सांडलेल्या दुधात पडला. तेरा वर्षांच्या जन्मात तिनं खाल्लेली ती पहिली.

थोरल्याच्या डाव्या हातात उलथणं होतं. ते माझ्या हातात कसं आलं ते विचारू नका. पहिला फटका खांद्यावर बसला, मग पाठीवर, मग भुवईवर, आणि भुवई टरबुजासारखी उकलली. त्याचं अंग माझ्या दुप्पट आहे, आबा. एका हातानं मला उचलून त्यानं भट्टीत घातला असता. पण त्यानं दोन्ही कोपरं डोक्यावर धरली आणि भिंतीकडं तोंड करून उकिडवा बसला. मार खायची ती बैठक आपल्या घरचीच. ती बघून माझा हात थांबायला पाहिजे होता. तो आणखी मोकळा सुटला. मी त्या कोपरांवर मारलं, बोटांवर मारलं, बरगडीत लाथ घातली. पोरगी ओरडत होती, "पप्पा, बास! पप्पा, बास ना!" मला ते शेजारच्या घरातलं वाटलं. शेवटी बायकोनं उकळत्या पातेल्यातलं उरलेलं दूध माझ्या पायावर ओतलं, तेव्हा थांबलो.

ती ओरडली नाही. पोरीचा ओठ पदरानं दाबून धरत म्हणाली, "त्यांनी एक मारली. ती का मारली हे मी त्यांना विचारणार होते. तुम्ही मला विचारूसुद्धा दिलं नाहीत." मी म्हणालो, "अगं, त्यानं पोरीला मारलं." ती म्हणाली, "हो. आणि पोरगी तुम्हाला घाबरून ओट्याखाली बसलीय. बघा." मी बघितलं. खरंच बसली होती. टेम्पोवाल्याचा चहा अजून संपायचा होता. त्या दोघींना परत चढताना बघून त्यानं विचारलं, "काय वहिनी, पत्ता चुकला का?" बायको म्हणाली, "हो."

तर आता संसार तिच्या बहिणीच्या दारात आणि टेबल-खुर्ची तुमच्या घरात. थोरल्याला मीच मोटारसायकलवर दवाखान्यात नेला. डोक्याला पंचा गुंडाळून तो मागं बसला आणि मला खड्डे दाखवत राहिला. डॉक्टरनं विचारलं तर म्हणाला, "कढई लागली." टाके घालताना हूं का चूं केलं नाही. बाहेर आल्यावर मात्र सुटला. "एवढा शिकला, शहरात ऱ्हायला, आन हाणतोस मात्र आबासारखा. मनगटातनं." मी मोटारसायकल काढली. थोड्या वेळानं म्हणाला, "दूध उतू गेलं की हात आपोआप उठतो रे. आपली पोरगी हाय, ते मागनं दिसलं." आणि मग, रस्त्याकडं बघत, "तुला हाणल्यावर खवा तरी द्यायचे. मला म्हणायचे, थोरला हाईस, सोस." आबा, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, खवा सगळ्यांनाच मिळतो.

काल पोरीचा फोन आला. तिच्या आईनंच लावून दिला असावा, जवळ तिच्या बांगड्या वाजत होत्या. पोरगी भीत भीत म्हणाली, "पप्पा, तुम्हाला लागलं का?" तेवढं नीट उत्तर दिलं असतं तर पुढं परत यायची गोष्ट निघाली असती. मी म्हणालो, "छे! मला काय लागतंय? त्याचंच फुटलं." बोललो आणि माझा मलाच आवाज ऐकू आला. कुस्ती मारून आलेल्या पैलवानाचा असतो तसा. पलीकडं बांगड्या थांबल्या. मग फोन बंद.

हे लिहून मी कुठं टाकणार? तुम्हाला सहीपुरतीच अक्षरं येत होती, आणि आलेलं पत्र वाचून दाखवायचं काम माझंच असायचं. आज साहेबाशी बोलताना पायाची भाजलेली कातडी टेबलाखाली झाकली आणि नव्या घरात छान रुळलोय म्हणून सांगितलं. बायको कधीतरी समोर बसवून विचारेलच, तिची ती पद्धतच आहे. तेव्हा मी सांगेन की पोरीला मारलेलं बघून राग अनावर झाला. कुठल्याही बापाचा होतो, आणि ती कदाचित मानेलही. तुम्हाला तसं सांगून चालायचं नाही, तुम्हाला ते आतून ठाऊक असणार. राग पहिल्या फटक्यालाच संपला होता, आबा. पुढचं सगळं मला बरं वाटत होतं म्हणून चाललं होतं.