धुक्यात उतरलेलं टपाल

स्कायलर, नेब्रास्का
९ मार्च १९२२

चि. सौ. झ्देंका हीस वोयतेखबाबाचे भरभरून आशीर्वाद.

पत्रास कारण, काल आपल्या बोहूमिलचं टपालाचं विमान आलंच नाही. ओमाहाहून निघून दर बुधवारी तो आपल्या कोठारावरून पंख हलवत जातो. काल सकाळपासून मी अंगणात उभा. तुझी सासू म्हणाली, बगळ्यासारखी मान लांब झाली, आता सूप प्या. धुकं फार होतं.

गिरणीत मी बढाई मारतो, की माझा मुलगा टपाल घेऊन निघाला की वाटेत थांबत नाही. मागच्या रविवारी त्यालाही तेच ऐकवलं. कुठे आहे तो, एवढंच कळव. हे पत्र रेल्वेने पाठवतो. त्याच्या विमानावर माझ्या कागदाचं ओझं नको.

माया असू दे.
वोयतेख


ओमाहा
११ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: बोहूमिल सुखरूप आहे. धुक्यात नदी दिसेना, रूळ दिसेनात, म्हणून फ्रीमाँटजवळ एका कुरणात उतरला. टपालाच्या थैल्या शेतकऱ्याच्या गाडीतून स्टेशनवर नेऊन आगगाडीत चढवल्या. परत येऊन बघतो तर गाईंनी एका पंखाचं कापड खाऊन नुसता सांगाडा ठेवलेला! त्यावरचं रोगण त्यांना फार आवडतं म्हणे. नवं कापड येईपर्यंत तिथेच अडकलाय.

पण बाबा, रागावू नका, एक सांगते. उतरण्याआधी पाऊण तास तो घिरट्या घालत होता. मी उतरलो तर बाबा गिरणीत तोंड कसं दाखवतील, असं मनात येत होतं, असं फोनवर म्हणाला. पेट्रोल संपत आलं तेव्हा उतरला.

आईंना नमस्कार. आपली माया आहेच, ती राहू द्या.
आपली झ्देंका


स्कायलर
१४ मार्च

चि. सौ. झ्देंका हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फक्त ‘सुखरूप’पर्यंतच वाचता आलं. तुझ्या सासूने शेजारणीला बोलावून खसखशीचं सारण भरलेले गोड पाव, आपले ‘कोलाचे’, वाटले. ते पाऊण तास मात्र माझ्या छातीवरून उतरत नाहीत.

आज गिरणीत गेलो. सगळे होते. मोठ्याने सांगितलं, की माझा मुलगा धुक्याला भिऊन वाटेत उतरला आणि गाईंनी त्याचा पंख खाल्ला. म्हाताऱ्या मात्येयने विचारलं, मग गाय उडाली का रे? सगळे हसले. मीही हसलो. हसू काही केल्या थांबेना, तेव्हा डोळे पुसत बाहेर येऊन पोत्यांवर बसलो.

त्याला सांग, गिरणीत सगळ्यांना कळलंय, आता झाकायला काही उरलं नाही. धुकं दिसलं की खुशाल उतर म्हणावं.

तुझा,
वोयतेखबाबा