तोंड तुझं, हात माझे

प्रिय पेरुथ,

तुझा निरोप परवा मिळाला. दोन वर्षांनी आलेला निरोप, तोही तीन वेळा 'अगं' घालून! वाचून आधी हसू आलं, मग असा संताप आला की चुलीवरचा कच्च्या केळ्यांचा मटोके खाली लागला. सूबीने विचारलं, "आई, काय झालं?" म्हटलं, तुझ्या पेरुथ मावशीचा निरोप आलाय. पोरगी टुणकन उडाली. तिला वाटलं तू घरी येणार आहेस. पोरांना काय कळतंय!

काम्वोक्यातली ती लोखंडी सामानाच्या दुकानावरची खोली आठवते का गं? आपण चौघं, दोन टेबलं, आणि खाली दिवसभर पत्रे आपटायचे. बसने पाठवलेलं पार्सल गुलूला पोचलं की घेणाऱ्याच्या फोनवर आपोआप निरोप जावा, एवढंच आपल्याला जमवायचं होतं. कोण कुठल्या पदावर, हे विचारायला तेव्हा कुणाला फुरसतच नव्हती. ज्याने फोन उचलला त्याने निस्तरायचं. खरकटे कपसुद्धा ज्याचा हात मोकळा त्याने विसळायचे.

माझे हात काही मोकळे नसायचे. मांडीवर सूबी असायची, पाच-सहा महिन्यांची, आणि तिची मूठ कळफलकावर पडली की पानभर एकच अक्षर. तूच एक दिवस वैतागून म्हणालीस, "बाई गं, तू आपलं तोंड चालव, हात मी चालवते!" आणि तीच आपली रीत होऊन बसली. एका मशीनसमोर दोघी. तू टाइप करायचीस; मी बघायची, सांगायची, अडवायची. "थांब, बस वाटेत बंद पडली तर?" मी म्हणायची. तू कपाळाला हात लावायचीस, "झालं हिचं सुरू!" आणि लिहिलेलं सगळं पुसायचीस. वीज गेली तरी आपली बडबड चालूच, खालच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्यावर खडूने आकृत्या काढत. गुंडाळलेली अंडा-चपाती एकच घ्यायचो आणि सूबीसकट तिघी खायचो. माझ्या आयुष्यातले तेवढे दिवस मला कुणी परत देत असेल ना, तर मी आजही घेईन. तुझ्यासकट घेईन. बघ, किती मूर्ख आहे मी.

ज्याच्या मशीनवरून काम चढतं, त्याचंच नाव त्या कामाला चिकटतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. दुसरं नाव घालायचीही सोय होती, खाली एक ओळ वाढवली की झालं. पण तू म्हणालीस, "कशाला गं, आपल्यात काय?" मलाही ते मनापासून पटलं.

मग नवे मालक आले, काचेचं ऑफिस आलं आणि ब्यारुहांगा साहेब आले. साहेबांनी भिंतभर चौकटी काढल्या. पाठवणाऱ्यांची एक टीम, बसगाड्यांची एक, निरोपांची एक. प्रत्येक टीमला एक प्रमुख, कामं ठरवणारा एक, ते तपासणारा एक, आणि हे सगळे एकमेकांशी बोलतात की नाही हे बघायला आणखी एक! चौघांचं काम अकरा जणांत वाटलं आणि रोज सकाळी उभ्याने बैठक सुरू झाली. काम कमी, पाय दुखणं जास्त. तेही मी हसण्यावारी नेलं. नंतर साहेबांनी कुणाच्या नावावर किती काम चढलंय ते पडद्यावर लावलं, त्यावरून ज्याची त्याची चौकट ठरणार होती. तुझ्या नावाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी दिसतच नव्हती. साहेब चष्मा वर सरकवून म्हणाले, "स्कोव्हिया मॅडम, तीन वर्षं इथे केलंत तरी काय?" सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं आता तू बोलशील.

तू बोललीस. "स्कोव्हियाचा फार आधार असतो, सर. ती असली की वातावरण छान राहतं."

वातावरण! मी काय खिडकी आहे?

तू निरोपांच्या टीमची प्रमुख झालीस आणि मला खालच्या मजल्यावर फोनवर बसवलं. "नमस्कार, आपलं पार्सल कुठवर आलंय बघते हं." जिन्यात तुला गाठून मी विचारलं होतं, एक वाक्य बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? तू इकडेतिकडे बघत हळूच म्हणालीस, "अगं, दोघींचं म्हटलं असतं तर दोघींना अर्धं-अर्धं मिळालं असतं. त्यापेक्षा एकीला तरी पुरतं मिळू दे ना!" किती सरळ हिशेब! ती एक कोण, हे तू ठरवूनही टाकलं होतंस. त्या दिवसापासून तुझी लिफ्ट वेगळी, माझा जिना वेगळा.

तुझ्या टीममधला तो नवा लुबेगा मध्यंतरी खाली आला होता. एकाच वेळी सुटलेल्या दोन बसगाड्यांचे निरोप अदलाबदल होतात, त्याचं मूळ कुठे असेल ते मी त्याला सांगायला गेले. तो फार अदबीने म्हणाला, "राहू द्या हो ताई, हे जरा तांत्रिक आहे. तुमच्या विभागाचं नाही." त्याची काही चूक नाही. त्याने मला कायम फोनच उचलताना पाहिलंय. पण त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्याच्यापायी नाही, तुझ्यापायी रडले.

तर आता तुझ्या निरोपाचं. हॅम्बर्गची नोकरी मिळतेय, अभिनंदन. ते लोक जुन्या सहकाऱ्याच्या सहीचं पत्र मागतात, आणि त्याशिवाय पुढे सरकत नाहीत. म्हणून मजकूर तूच लिहून पाठवलास, मला त्रास नको म्हणून: निरोपांची सगळी रचना पेरुथने एकटीने केली, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि खाली पुस्ती, "अगं, तुझ्याच सहीला वजन आहे, पहिल्या दिवसापासून तूच तर शेजारी होतीस!" म्हणजे मी होते, हे तुला आठवतं. जिन्यात नव्हतं आठवलं, साहेबांच्या पडद्यासमोर नव्हतं आठवलं, सही हवी झाली तशी आठवले. दोन दिवस मी तो कागद घेऊन बसले होते. फाडणार होते. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर तुझं जाणं अडेल, आणि तुझ्यात नि माझ्यात मग फरक काय राहिला? म्हणून सही केलीय. फक्त 'पेरुथने एकटीने' खोडून तिथे 'आम्ही दोघींनी' लिहिलंय, आणि त्या खाडाखोडीशेजारीही सही केलीय. कागद सोबत आहे. हॅम्बर्गला दाखवायची लाज वाटली नाही तर दाखव.

तुझीच म्हणवत नाही, आणि दुसरं काही लिहायला हात धजत नाही,
स्कोव्हिया