पोलेसीनेची तरुण पिढी आणि चौदा भांड्यांचा संच

ती. ताईस,

धाकट्या ओर्नेलाकडून दोन्ही गालांवर एकेक पापा. (माझ्यावर राग असेल तर एकच गाल पुढे कर, पण तेवढा तरी कर.) अर्तूरो भावोजींचा गुडघा कसा आहे? किओज्जाची दमट हवा त्या गुडघ्याला मानवायची नाही हे मी तुमच्या लग्नातच म्हटलं होतं, पण लग्नात नवऱ्याचा गुडघा कोण बघतं! तुझा खोकला गेला का? की अजून सकाळी खिडकी उघडून मासेवाल्यांशी हुज्जत घालतेस? इकडे पोलेसीनेत धुकं इतकं आहे की काल मी शेजारणीच्या दाराला आपली किल्ली लावत बसले होते आणि ती आतून म्हणाली, "ये गं, उघडंच आहे." मग कॉफी झाली, कॉफीत तिनं थोडी द्राक्षांची दारू घातली, आणि माझं घर सापडायला आणखीनच उशीर झाला. बाकी सगळं क्षेम. म्हणजे तसं नाहीये, पण ते पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं. तुझ्यासारखी मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तिची लाल शाई निवृत्त होत नाही, हे मला कळून चुकलं आहे. तू लिहितेस की एकोणसत्तराव्या वर्षी टीव्हीवर उभं राहून भांडी विकणं आता पुरे, घराण्याची लाज जाते. ताई, कुठलं गं घराणं? आपली आई किओज्जाच्या बाजारात तारल्या विकायची. मी गाडीपुढे उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि तू मागून येऊन माझ्या गळ्याला मफलर आवळायचीस, घसा बसेल म्हणून. (आवळायचीस म्हणजे अक्षरशः आवळायचीस. अजून आठवलं की गिळताना त्रास होतो.) त्याच तारल्यांवर तुझी पुस्तकं आली. तेव्हा मी तारल्या विकत होते, आता पातेली विकते. पातेल्यांना निदान वास येत नाही. आणि मला सांग, गेली तीस वर्षं तू सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांगत आलीस की आमचं 'तेले आर्जिने' चॅनल तुमच्या टीव्हीवर कितव्या नंबरला लागतं हेसुद्धा तुला ठाऊक नाही, तुमच्याकडे टीव्ही म्हणजे फक्त हवामान आणि रविवारची प्रार्थना. मग ही लाज तू नेमकी कुठे बघितलीस? असो. मी निवृत्त होणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तू शांतपणे वाचशील.

तर झालं असं. आमचे जुने मालक त्रेविझोलशेठ गेल्या हिवाळ्यात वारले आणि चॅनल त्यांच्या मुलाकडे आलं. हा डॉक्टर रुज्जेरो. (आपल्याकडे पदवी घेतली की जो तो डॉक्टर. यानं आयुष्यात कुणाची सर्दीसुद्धा बरी केलेली नाही.) शेठना भांड्यांतलं कळायचं, पातेल्याचं बूड बोटानं वाजवून ते त्याची जाडी सांगायचे. या चिरंजीवांना फक्त तक्ते कळतात. पहिल्याच बैठकीत त्यानं भिंतीवर एक तक्ता लावला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की आपले सगळे ग्राहक सत्तरीच्या पुढचे आहेत, दहा वर्षांत ते कबरस्तानात असतील, आणि पादोव्ह्याच्या जाहिरातदारांना पस्तिशीच्या आतले लोक हवेत. मी म्हटलं, "डॉक्टर, आपल्या रोजच्या गिऱ्हाईक एर्मेनेजिल्दाबाई कबरस्तानातूनही फोन करतील, तिथे फुलदाण्या लागतात." कोणी हसलं नाही. आणि मला अजून कळलेलं नाही ताई, तरुण ग्राहक पकडून आणायची एवढी घाई कशासाठी? थोडं थांबा की! तो आपल्या पायांनी साठीचा होऊन येतोच. आजवर एकही चुकलेला नाही.

पण थांबायला कोण तयार आहे? मिलानहून सल्लागार बोलावली. आझ्झुर्रा तिचं नाव, वय सत्तावीस, पोरगी गोड आहे, खोटं कशाला बोलू. दुपारी डब्यातून कच्च्या बिया खाते, आणि शिजवलेलं अन्न दिसलं की आधी त्याचा फोटो काढते, मग त्याच्याकडे दयेनं बघते. तिनं मला समोर बसवून अगदी मऊ आवाजात समजावलं की तरुणांना ओरडलेलं आवडत नाही. तरुणांना 'घाई करा, थोडेच संच उरलेत' हे आवडत नाही. (तीस वर्षं थोडेच उरलेत ताई, मागचं गोदाम भरलेलं आहे.) तरुणांना चौदा भांड्यांच्या संचाबरोबर फुकट सायकल मिळालेली आवडत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तरुणांना फोनवर बोलायची भीती वाटते. मला वाटलं गंमत करतेय. पण नाही, अगदी खरं! सिंहाला भिणार नाहीत, पण पलीकडून जिवंत माणसाचा आवाज आला की हे फोन टाकून पळतात. म्हणून तिनं पडद्यावरून आमचा फोन नंबरच काढून टाकला. आणि मला सांगितलं की दुपारी चारच्या तासाला मी एका राखाडी भिंतीपुढे उभं राहायचं, संथ संगीत चालू असेल, आणि पातेल्याकडे नुसतं प्रेमानं बघायचं. बोलायचं नाही. मी! बोलायचं नाही!

मी बघितलं. तीन दिवस बघितलं. चारचा तास म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, तुझ्या घरी भावोजी आहेत, भांडायला माणूस आहे. आमच्या या बायका एकेकट्या राहतात. चार वाजता फोन लावतात, झाकणाबद्दल एक प्रश्न विचारतात आणि मग खुब्याचं हाड, जर्मनीला गेलेला मुलगा, काल बिघडलेला रिसोत्तो भात, सगळं सांगतात. मी ऐकत ऐकत पातेलं घासते. कोणी घेतं, कोणी नाही घेत. जेल्सोमिनाबाईंनी एकच संच इतक्यांदा घेतला आहे की त्यांच्या अंगणात फुकटच्या सायकली एकीवर एक चढल्या आहेत. आता विचार कर, एके दिवशी पडद्यावर फोन नंबर नाही आणि ओर्नेला मुकाट्यानं पातेल्याकडे बघते आहे. त्यांना वाटलं मला झटका आला! कुणी पाद्रीबुवांना उठवलं, कुणी अग्निशामक दलाला कळवलं, आणि ब्याऐंशी वर्षांच्या एर्मेनेजिल्दाबाई धुक्यातून, नदीच्या बांधावरून, आमच्याच फुकटच्या सायकलीवर बसून थेट स्टुडिओत आल्या, हातात कोंबडीच्या सुपाचा डबा. कॅमेरा चालू. त्या सरळ आत, राखाडी भिंतीपुढे, माझा हात हातात घेऊन विचारतात, "बोलता येतंय का गं बाळे?"

आलं की बोलता! तीन दिवसांचं साठलेलं होतं. मी तिथेच, थेट प्रक्षेपणात, सगळं सांगून टाकलं. की मी ठणठणीत आहे. की आपण इथे कुणालाच नको आहोत. की डॉक्टरसाहेबांना पस्तिशीच्या आतली गिऱ्हाइकं हवीत, येत्या आठवड्यात तरुणांनी भांडी घेतली नाहीत तर माझा चारचा तास बंद, आणि त्या जागी ही राखाडी भिंत कायमची. "तेव्हा पोलेसीनेच्या तरुणांनो," मी ओरडले (ओरडलेच), "कुठे असाल तिथून फोन करा!" आझ्झुर्रानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर काचेपलीकडे हात हलवत होता, पण आवाज बंद होता, त्यामुळे फार त्रास झाला नाही. नंबर मी पाठ सांगितला, दोनदा.

आणि ताई, तरुणांनी फोन केले! अगं, कसले फोन! फोनवर ऑर्डर घेणारी आमची नेरिना जेवायलासुद्धा उठली नाही. ती नियमाप्रमाणे प्रत्येकाचं वय विचारत होती. एर्मेनेजिल्दाबाई, वय सव्वीस. जेल्सोमिनाबाई, वय एकोणतीस. पास्क्वाबाई, वय एकवीस, आणि वर सांगितलं, "लग्न अजून ठरलेलं नाही." एका आजोबांनी तिशी सांगितली आणि पुढच्याच वाक्यात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुराची आठवण काढली. मी नेरिनाला म्हटलं, हे काय लिहिते आहेस? तर ती म्हणते, "मी वय विचारलं, त्यांनी सांगितलं. मी काय त्यांचे दात मोजू?" आठवडा संपेपर्यंत मागचं गोदाम रिकामं. पहिल्यांदा खरोखरच थोडेच संच उरले, आणि मला ते ओरडून सांगायचीसुद्धा लाज वाटायला लागली, इतकं ते खरं होतं.

सोमवारी बैठक. डॉक्टर आनंदानं लाल झालेला, नवा तक्ता भिंतीवर. म्हणे दक्षिण व्हेनेतोची अख्खी तरुण पिढी जाड बुडाच्या भांड्यांकडे वळली आहे! मग त्याची नजर नावांवर गेली आणि कपाळाला आठी पडली. "ही एर्मेनेजिल्दा... सव्वीस वर्षांची?" मी टेबलावरच्या पातेल्याकडे प्रेमानं बघायला लागले, शिकवलं होतं तसं. आझ्झुर्रानं एकदा त्या नावांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, बियांचा डबा बंद केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "डॉक्टर, जुनी नावं पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत." त्या क्षणी मी त्या पोरीला सगळं माफ केलं. बाहेर आल्यावर तिनं हळूच विचारलं, मटार शिजवायला यातलं कुठलं भांडं घ्यावं. मी तिला मधलं दिलं.

तर ताई, हे सगळं असं आहे. तू म्हणशील हा खोटेपणा. मी म्हणते, ज्याला माणसं नकोत, नुसती वयं हवीत, त्याला वयं दिली. माझा चारचा तास चालू आहे, नंबर पडद्यावर परत आला आहे, आणि मी पूर्वीपेक्षा मोठ्यानं ओरडते आहे. मला अजिबात पश्चात्ताप नाही. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला कापूर लाव, सुनेला माझ्याकडून काही सांगू नकोस, ती लगेच मनावर घेते.

तुझी न सुधारलेली बहीण,
ओर्नेला

ता. क. एक बारीकसं काम राहिलं. आनंदाच्या भरात डॉक्टरनं येत्या रविवारी स्टुडिओत 'तरुण ग्राहकांचा मेळावा' जाहीर केला आहे. पादोव्ह्याचे जाहिरातदार येणार, थेट प्रक्षेपण, आणि सगळ्या तरुणांनी आपापलं पातेलं घेऊन यायचं. तरुण दिसले नाहीत तर माझा तास गेलाच म्हणून समज. माझ्याकडे पातेली आहेत, तरुण नाहीत. तुझा नातू तोबिया होड्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबात आहे ना? ती सगळी दांडगी पोरं एका बसमध्ये घालून पाठव. जेवायला घालीन, मक्याची पोलेंता आणि मासे, पोटभर. फक्त एवढं सांग त्यांना, कुणी नाव विचारलं तर 'जेल्सोमिना' म्हणू नका.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते आज पुन्हा उघडलं. तोबियाला पाठवू नकोस. काल नेरिनाबरोबर कॉफी प्यायला बसले होते, तेव्हा ती हसत हसत म्हणाली की सगळ्यांत छान गिऱ्हाईक किओज्जाहून होतं. वय सांगितलं चोवीस, विद्यार्थिनी. मध्ये मध्ये खोकत होती. नेरिनानं वाक्य अर्धवट सोडलं तर तिला व्याकरण समजावलं. संच घेतला, सायकल नको म्हणाली, नवऱ्याचा गुडघा दुखतो. आणि फोन ठेवताना दरडावून सांगितलं, "त्या तुमच्या बाईला म्हणावं, गळा उघडा टाकून ओरडू नकोस, घसा बसेल."

ताई, मी बराच वेळ काही बोललेच नाही. आझ्झुर्रानं बघितलं असतं तर खूश झाली असती. मग स्टुडिओत गेले आणि थेट प्रक्षेपणात सगळ्यांना रविवारचं आमंत्रण दिलं. उसनी पोरं नकोत. एर्मेनेजिल्दाबाई, जेल्सोमिनाबाई, पास्क्वाबाई, सगळ्यांनी या, सायकलींवर या, पातेली घेऊन या. डॉक्टरला आणि त्याच्या जाहिरातदारांना आपली तरुण पिढी समोरासमोर बघू दे. तास जायचा तर जाईल, पण मी ओरडत असतानाच त्यांना मला बाहेर काढावं लागेल. तूही ये. पुढच्या ओळीत खुर्ची ठेवते, चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीसाठी. आल्यावर माझ्या गालाचा पापा घे, कान धरायचा असेल तर तोही धर.

आणि कालपासून मी गळ्याला मफलर बांधायला लागले आहे. तुला दिसलाच असेल.