बापाचे काम

मी, भिमाजी गेणू बोऱ्हाडे, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार शिनोली, तालुका आंबेगाव, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही भिडेला न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. घाई कशाचीच नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात मुलगा ऋषी याचे. मात्र पत्नी कुशाबाई हयात असेतो घरात हुकूम तिचाच चालेल.

२. ओढ्याकाठची माझी स्वकष्टाची दोन एकर जमीन ऋषी आणि मुलगी सुंदरा यांना निम्मी निम्मी. विहिरीचे पाणी दोघांचे. लेक सासरी गेली म्हणून कोणी कुरकुर करू नये. कारण सांगतो.

सन १९९३ च्या यात्रेत आमच्या मंडळाने एक जुने शोकनाट्य बसवले. त्यातला बाप लेकीवर जीव टाकतो. पण ती ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणताच तिला घराबाहेर काढायला निघतो आणि शेवटी तिच्या प्रेतापाशी रडतो. बाप मी होतो. मला वाचन जड जाई. सुंदरा माझ्याकडून वाक्ये घोकून घेई आणि विसरलो तर पडद्याआडून सांगे.

त्याच महिन्यात बेल्ह्याच्या बाजारात बैल बघता बघता मी तिचे लग्नही ठरवून आलो. ती म्हणाली, "आबा, मला डी.एड. करायचंय. आत्ता लगीन नाय." मी म्हणालो, "मग या घरात तुला जागा नाय." हे नाटकातलेच वाक्य. तिनेच पाठ करून दिलेले.

प्रयोगात तेच वाक्य मी पुन्हा म्हटले, लई जोरात. शेवटच्या प्रवेशात मात्र शब्द आठवेनात. पडद्याकडे पाहिले तर तिथे कुशाबाई उभी. ती हळूच म्हणाली, "पोरगी गेली. मामाच्या टेम्पोत बसून, आळ्याला." मी स्टेजवर खाली बसलो आणि रडलो. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सकाळी पहिल्या एसटीने आधी बेल्ह्याला जाऊन दिलेला शब्द परत घेतला, मिळाली तेवढी बोलणी खाल्ली आणि मग आळे गाठले. सुंदरा मामाच्या अंगणात भांडी घासत होती.

"घरी चल," मी म्हणालो. "डी.एड.चा फॉर्म भरू."

ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आबा, मिशीचा रंग तरी पुसायचा व्हता."

असे म्हणून ती हसली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पुढे ती मास्तरीण झाली. आळ्यातच तिच्या पसंतीने लग्न झाले. वरातीत मी नाचलो, गुडघे तेव्हापासूनच गेले.

३. नाटकाच्या कपड्यांची ट्रंक सुंदराला.

४. रडण्याचे ते काम आपण शिकवले, असे आमच्या मंडळातला सावळेराम गावभर सांगतो. हे साफ खोटे आहे. माझ्या मागे त्याने ते सांगू नये.

५. यंदा सुंदराने तेच नाटक पुन्हा बसवले. मला वाटले, बाप मीच. ती म्हणाली, "आबा, तुमाला आता रागावता येत नाय. मी दुसरा बघितलाय." मला ते मान्य आहे.

ठिकाण शिनोली, दिनांक २ मे २००७.

लिहून देणार : भिमाजी गेणू बोऱ्हाडे (सही)

साक्षीदार :
१. अमृत गेणभाऊ बोऱ्हाडे (सही)
२. सावळेराम बोऱ्हाडे (सही. कलम ४ सोडून सगळे कबूल.)